ताई, जरा मोठं दिसू दे

पहाटे ५.४०

डोळे उघडले की आधी आभाळ बघायचं, मग चहा. गॅलरीतून सिंहगड स्वच्छ दिसत होता, म्हणजे निदान अकरापर्यंत ऊन आपलं. परतीच्या पावसाचे दिवस आहेत. सकाळी लख्ख, दुपारी घामाच्या धारा आणि चारच्या सुमाराला कधीही धो धो. त्यात पितृपक्ष चालू. लोकांना वाटतं की या पंधरवड्यात घरांचा धंदा झोपलेला असतो. टोकन कुणी देत नाही, करार कुणी करत नाही, हे खरंच आहे. पण दसऱ्याला जे दुकान उघडायचं त्याची मांडामांड आत्ताच होते. एजंटांकडे वेळ असतो, किल्ल्यांचे जुडगे असतात आणि पहिल्या माळेला जाहिरात चढलीच पाहिजे अशी घाई असते. त्यामुळे लोक गच्चीवर कावळ्याची वाट बघत असतात तेव्हा माझ्या वहीत दिवसाला चार-चार, पाच-पाच घरं असतात.

मी घरांचे फोटो काढते. विकायच्या किंवा भाड्यानं द्यायच्या. नोकरी कुणाचीच नाही, बोलावेल त्याच्याकडे जायचं. त्याआधी बारा वर्षं लग्नं केली. लग्नात माणसं ऐन वेळी डोळे मिटतात आणि अल्बम आला की मुलाची आत्या विचारते, ‘माझा एकही नाही का गं?’ घर डोळे मिटत नाही, घराला आत्या नसते, असा विचार करून इकडे वळले. घराला मालक असतो, मालकाला दोन भाऊ असतात आणि तिघांचे तीन एजंट असतात, हे पुढे कळलं.

बॅग रात्रीच भरलेली असते, तरी सकाळी एकदा चाचपते. कॅमेरा, सोळा-पस्तीसची लेन्स, ट्रायपॉड, एक फ्लॅश, तीन बॅटऱ्या. काच पुसायचा स्प्रे आणि दोन फडकी, कारण आरसा पुसून ठेवा असं सांगून आजवर चार-पाच जणांनीच ठेवला असेल. पिवळे आणि पांढरे मिळून सहा एलईडी बल्ब, कारण प्रत्येक झुंबरात तीन बल्ब एका रंगाचे आणि चौथा शेजारच्या दुकानातून घाईत आणलेला असतो. डोळ्याला ते चालून जातं. कॅमेऱ्यात अर्धी भिंत हळदीची आणि अर्धी निळसर येते. शिवाय दाराखाली सरकवायची एक लाकडी पाचर. ती कशाला, ते चार वाजता सांगते.

सकाळी ७.१५

बाणेर, चौदावा मजला. गेटवरच्या ॲपमध्ये ‘फोटोग्राफर’ असा रकाना नाही. वॉचमनकाका दोन मिनिटं विचार करून मला ‘डिलिव्हरी’ म्हणून आत सोडतात. गेल्या आठवड्यात दुसऱ्या सोसायटीत मी ‘पेस्ट कंट्रोल’ होते.

एवढ्या सकाळी यायचं कारण इमारतीचा चेहरा. दर्शनी बाजू पूर्वेला, म्हणजे ऊन समोरून पडतं ते नऊपर्यंतच. नंतर सूर्य डोक्यावर जातो आणि प्रत्येक गॅलरीच्या खाली काळी सावली पडते. बाहेरचे चार फोटो आटोपून वर गेले. एजंट तरुण आहे, पंचविशीतला. त्यानं जाहिरातीचा मजकूर आधीच लिहून ठेवलाय, ‘पूर्वाभिमुख, नदीचं दृश्य’. हॉलमध्ये उभं राहून मी बघतेय, तर सकाळी साडेसातला हॉलमध्ये उन्हाचा कवडसाही नाही. ऊन सगळं स्वयंपाकघरात.

सप्टेंबरच्या २२-२३ तारखेच्या आसपास सूर्य जवळजवळ नेमका पूर्वेला उगवतो. या आठवड्यात होकायंत्राची गरजच नसते, सूर्यच साक्षीदार. मी म्हटलं, “अरे, हॉल पश्चिमेला आहे.” तो म्हणाला, “ताई, मेन डोअर ईस्ट आहे ना. वास्तूत तेच बघतात.” हेही खरं. कुणी दार धरतं, कुणी गॅलरी, कुणी अख्खी इमारत. एकच फ्लॅट तीन एजंटांच्या जाहिरातीत तीन दिशांना तोंड करून बसलेला मी पाहिलाय.

नदीच्या दृश्यासाठी त्याला ड्रोन हवा होता. माझ्याकडे ड्रोन नाही आणि मी घेणारही नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांनी अडीचशे ग्रॅमच्या आतल्या खेळण्यांना बरीच मोकळीक दिली, पण कुठे उडवायचं याचा नकाशा सुटलेला नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात दोनशे फुटांच्या वर परवानगीशिवाय जाता येत नाही. त्याहून जवळ तर नावच नको. पुण्याच्या एका अंगाला लोहगावचा हवाई दलाचा तळ, दुसऱ्या अंगाला खडकवासल्याची एनडीए. प्रत्येक कामाआधी नकाशा उघडून वाद घालत बसण्यापेक्षा मी कॅमेरा काठीला बांधून गच्चीच्या कठड्यावरून धरते. नदी आली. बोटभर आली, पण आली.

मग घराच्या आतलं. हे काम बाहेरच्याला फार कंटाळवाणं वाटतं. कॅमेरा कोपऱ्यात, साधारण माझ्या छातीच्या उंचीवर. पाणसळीचा बुडबुडा मधोमध आणून भिंतींच्या कडा सरळ उभ्या करायच्या. कॅमेरा जरा वर कलला की भिंती आत झुकतात आणि बघणाऱ्याला का कोण जाणे, घर गुदमरल्यासारखं वाटतं. मग एकाच जागेवरून पाच फोटो, अगदी अंधाऱ्यापासून पांढऱ्याफटक उजेडापर्यंत. खिडकीबाहेरचं एकातून घ्यायचं, सोफ्याखालचं दुसऱ्यातून, आणि रात्री घरी त्यांचं लग्न लावायचं. तोवर पंखा बंद, कारण चालू पंख्याची पाती फोटोत फराटे मारतात. दिवे एलईडीचे असतील तर शटर फार जलद चालत नाही. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्‌झची, साधे दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, पण फोटोवर पट्टे उठतात. ट्रायपॉड असल्यामुळे मला घाई नसते. घाई पंख्याखाली नसलेल्या माणसाला असते.

घाम पुसत एजंट माझ्या खांद्यावरून स्क्रीनमध्ये डोकावला आणि ते वाक्य म्हणाला, जे मला दिवसातून एकदा ऐकू आलं नाही तर चुकल्यासारखं होतं. “ताई, जरा मोठं दिसू दे ना.”

मोठं दिसू देणं सोपं आहे. लेन्स सोळावर फिरवली की दहा बाय अकराची खोली मंगल कार्यालय होते. कडेचा फ्रिज आडवा फुगतो, पलंग रेल्वेच्या फलाटासारखा लांबतो आणि समोरची भिंत पुढच्या स्टेशनावर जाते. मी बावीसच्या खाली सहसा जात नाही, न्हाणीघर सोडून. हे काही साधुत्व नाही. पहिल्या वर्षी मी सगळी घरं सोळावर काढली. त्या एजंटाकडे फोनांचा पाऊस पडला. माणसं आली, दारातच थबकली आणि म्हणाली, ‘फोटोत मोठं वाटलं होतं.’ सहा रविवार त्यानं फुकट जिने चढउतार केले आणि सातव्या आठवड्यात दुसरा फोटोग्राफर बघितला. मी या मुलाला हा किस्सा सांगितला. त्यानं ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाला, “वीस तरी करा.”

वीस केलं.

सकाळी १०.००

कोथरूड, पौड रस्त्याच्या आतल्या गल्लीत. १९८० च्या दशकातली तीन मजली इमारत, लिफ्ट नाही. आजींचे गुडघे आता तिसऱ्या मजल्याला कबूल नाहीत, म्हणून घर विकून ठाण्याला लेकीच्या सोसायटीत घ्यायचंय. लेकीनं एजंट ठरवला, एजंटानं मला पाठवलं.

आदल्या रात्री मी मालकांना एक यादी पाठवते. कमोडचं झाकण खाली. बादल्या, मग, वायपर, सगळं गॅलरीत. ओट्यावर काहीही नको, मिक्सरसुद्धा. फ्रिजवरचे चुंबक काढा. दोरीवरचे कपडे काढा, दोरी राहू दे. चपला दाराबाहेर नकोत, आत नकोत, फोटोतच नकोत. बहुतेक घरी मी पोचते तेव्हा ही यादी कुणी वाचलेली नसते. आजींनी ती वहीत उतरवून घेऊन प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण केली होती. फक्त एका ओळीपुढे फुली होती. देवघर.

“देव कुठे हलवू? ते काय पाहुणे आहेत?”

मी म्हटलं, राहू दे. खरं तर एजंट लोक देवघर, हार घातलेले फोटो, नावाची पाटी सगळं काढायला सांगतात. घेणाऱ्याला हे घर दुसऱ्या कुणाचं वाटता कामा नये, असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य आहे, पण स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या कोपऱ्यातलं ते लाकडी देवघर खोलीतली सगळ्यात देखणी वस्तू होती. समई, पितळेची घासलेली घंटा, वर खिडकीतला तिरपा उजेड. मोझॅकच्या फरश्या, कडप्प्याचा ओटा, लाकडी खिडक्यांना गज. अशा घरात मला कोपरा शोधावा लागत नाही.

कॅलेंडर मात्र काढायचंच होतं. मराठी स्वयंपाकघरात भिंत असते ती मुळात कालनिर्णयसाठी, आणि एजंट मंडळी त्याला नेमकी घाबरतात. फोटोत महिना वाचता येतो. जाहिरात सहा महिने पडून राहिली तर बघणारा म्हणतो, हे घर सप्टेंबरपासून जात नाही, पाडून मागू या. मी खिळ्यावरून कॅलेंडर उतरवलं. त्याच्याबरोबर दोऱ्यानं बांधलेलं पेनही आलं आणि दुधाचा हिशेबही.

खाली भिंतीवर चौकोन उमटला होता. पिस्ता रंगाचा, ताजा, जणू काल लावलेला. मी इतका वेळ त्या भिंतीला क्रीम रंगाची समजत होते.

आजी जवळ येऊन बघत राहिल्या. म्हणाल्या, “अगं, सगळीच भिंत अशी होती की.” पंचवीस वर्षांच्या फोडण्यांनी बाकीची भिंत पिवळी केली आणि दरवर्षी त्याच खिळ्यावर येणाऱ्या कॅलेंडरनं तेवढा तुकडा जपून ठेवला. आता पंचाईत. कॅलेंडरपेक्षा हा चौकोन जास्त डोळ्यात भरत होता. आजी आत जाऊन कपाटातून एक फ्रेम घेऊन आल्या. लग्नाआधी भरलेला मोर, कापड कडेला करपल्यासारखं झालेलं. ती खिळ्याला टांगली. चौकोन झाकला, खाली दोन बोटं पिस्ता उरला. आजी म्हणाल्या, “ते तुझ्या कम्प्युटरात पुसता येत असेल ना?”

येतं. आणि इथे माझा एक नियम आहे, तो सांगते. जे उचलून नेता येतं ते मी फोटोतून काढते. कचऱ्याचा डबा, गेटसमोरची दुसऱ्याची स्कूटर, आरशात दिसणारी मी. पण जे घेणाऱ्याच्या गळ्यात घराबरोबर पडणार आहे, ते पुसत नाही. ओल, तडा, खिडकीसमोरचा ट्रान्सफॉर्मर, मागचा नाला. रंग काय, येणारा लावूनच घेणार, तेव्हा पिस्ता पुसला असता तरी नियम मोडला नसता. मी तो ठेवला. आवडला म्हणून.

चहा घ्यावाच लागला. दोन घोटांचा चहा आणि चाळीस मिनिटांच्या गप्पा. पुढचं सगळं वेळापत्रक तिथेच कोसळलं.

दुपारी १२.४५

रस्त्याकडेला झाडाखाली गाडी लावून डबा. जेवताना एका हातानं कार्डावरचे फोटो दुसऱ्या ड्राइव्हवर चढवते. पूर्वी एकदा घरी पोचेपर्यंत कार्ड मेलं होतं. चार तासांचं काम आणि मालकाला पुन्हा घर आवरायला सांगणारा तो फोन आठवला तर आजही पोटात गोळा येतो.

याच वेळेत उधारीचे फोन. एक बीएचकेचे मी पंधराशे घेते, दोनचे दोन हजार, त्यापुढे जागा बघून. रकमा लहान, म्हणून बुडवायला सोप्या. ‘डील झाली की देतो ताई’ हे एजंटांचं आवडतं वाक्य. मी फोटो काढले, माझं काम झालं, घर विकलं जाण्याशी माझा काय संबंध? पण त्याचाही हिशेब समजू शकते. त्यालाही दलाली करारानंतरच मिळते, तीही समोरच्यानं शेवटच्या क्षणी अर्धा टक्का कापून. आज तिघांना फोन केले. एकानं लगेच पाठवले, एकानं ‘उद्या नक्की’ म्हटलं, एकानं कापला.

दुपारी १.४५

आंबेगावच्या पुढे, एका बांधकामाचा सॅम्पल फ्लॅट. इथे माझं कौशल्य फारसं लागत नाही, कारण फसवायचं काम सुतारानं आधीच करून ठेवलेलं असतं. आतल्या खोल्यांना दारंच नाहीत, त्यामुळे दाराच्या पात्याला लागणारी जागा दिसत नाही. एका भिंतीला वरपासून खालपर्यंत आरसा. पलंग बघून मला संशय आला म्हणून वितीनं मोजला. पाच फूट आठ इंच. माझा नवरा त्यावर झोपला तर पाय खिडकीतून बाहेर येतील.

सेल्समधल्या साहेबांना एकच गोष्ट करून हवी होती. गॅलरीतून टेकडी दिसते आणि टेकडीच्या बरोबर मधोमध विजेचा उच्च दाबाचा मनोरा. “तेवढा काढून टाका मॅडम.” मी नाही म्हटलं. ते म्हणाले, सगळे काढतात. मग मी कायदा काढला. माझ्या मोबाइलमध्ये तो कायम असतो. २०१६ चा रेरा कायदा, कलम १२. जाहिरातीतल्या किंवा सॅम्पल फ्लॅटमधल्या खोट्या चित्रावर विसंबून कुणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं, तर बिल्डरला भरपाई द्यावी लागते. घेणाऱ्याला बाहेर पडायचं असेल तर पैसे व्याजासकट परत. महारेरा १ मे २०१७ पासून चालू झालं तेव्हापासून मी हे कलम चारदा वाचून दाखवलंय. चारही वेळा समोरच्याच्या चेहऱ्यावर कायद्याची भीती आली नाही, ही बाई डोकं खाणार एवढीच आली. तेवढ्यानं काम भागतं. शेवटी गॅलरीतल्या कुंडीचं झाड जरा डावीकडे सरकवलं. मनोरा पानांमागे अर्धा गेला. हे माझ्या नियमात बसतं का? झाड उचलून नेता येतं. बसतं म्हणायचं.

दुपारी ४.००

पाऊस आलाच. सिंहगड रस्त्यावर रेनकोटमध्ये बॅग पोटाशी धरून पोचले. नदीच्या बाजूच्या एका सोसायटीत तळमजल्यावरचा दोन बीएचके, रिकामा.

आता पाचर. मी रोज अनोळखी माणसाबरोबर रिकाम्या घरात जाते. धंदाच तो आहे. आत शिरले की पहिलं काम म्हणजे मुख्य दार पूर्ण उघडून खाली पाचर ठोकायची. कुणी विचारलं तर सांगते, उजेड हवाय. बहिणीला लोकेशन गेलेलं असतं. आजवर वाईट म्हणावं असं एकदाच घडलं आणि त्या दिवशी दार उघडं होतं. जास्त सांगण्यासारखं नाही. त्यानंतर पाचर आली.

आजच्या एजंटाबरोबर खरं तर तिची गरज नाही. पाच वर्षांची ओळख, माणूस सभ्य, आणि फोटो पोचल्याच्या रात्रीच पैसे पाठवणारा माझ्या यादीतला एकमेव. तरी ठोकली. सवय.

घर नुकतंच रंगवलेलं. पांढऱ्या भिंती, नवे दिवे, नवे हँडल. पण रंगाच्या वासाखाली दुसरा एक वास होता. तळघराचा, ओल्या पोत्याचा. बेडरूममध्ये भिंतीतलं कपाट, सहा दारांचं. आत हँगर वगैरे राहिलेत का बघायला मी एक दार उघडलं. पाठीमागच्या प्लायवर आडवी तपकिरी रेघ होती. पट्टीनं मारावी इतकी सरळ, माझ्या गुडघ्याच्या थोडी वर. तिच्याखाली प्लाय फुगून पापुद्रे सुटलेले. दुसरं दार उघडलं. तीच रेघ, त्याच उंचीवर पुढे गेलेली.

२५ जुलै २०२४ कुणी विसरलेलं नाही. खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि मुठेच्या काठच्या सोसायट्यांत लोकांना पहाटे पाण्यानं जाग आली. एकता नगरीतून माणसं होड्यांनी बाहेर काढावी लागली, ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. ही ती सोसायटी नाही. पण नदी तीच.

एजंट दारात उभा होता. मी काही बोलायच्या आत म्हणाला, “कपाटाची दारं लावून घ्या ताई. आतला फोटो कोण टाकतं?”

बरोबर आहे त्याचं. कपाटाच्या आतला फोटो कुणीच टाकत नाही. मला काही पुसायला सांगितलेलं नव्हतं, खोटं काढायला सांगितलेलं नव्हतं. माझ्या नियमात लावलेल्या दाराबद्दल काहीच नव्हतं. मी विचारलं, “घेणाऱ्याला सांगणार ना?”

“बघायला येईल तेव्हा उघडेलच की तो.”

“आणि नाही उघडलं तर?”

त्याला फोन आला. तो बोलत बोलत जिन्याकडे गेला. मी दारं लावून बेडरूमचे फोटो घेतले, दोन कोपऱ्यांतून, बावीसवर. छान आले. पावसाळी उजेड खरं तर घरांना फार चांगला, कुठे कवडसे नाहीत, सगळीकडे दुधासारखा पसरलेला. मग दोन दारं उघडली आणि एक फोटो घेतला. फ्लॅश तिरपा धरून, रेघ नीट यावी म्हणून. दारं लावली, पाचर काढली, निघाले.

संध्याकाळी ६.१५

धायरीतलं रो हाउस. सूर्य मावळल्यावर पंधरा-वीस मिनिटं आभाळ गडद निळं होतं आणि आतले दिवे सोन्यासारखे दिसतात. तेवढ्या वेळात घराचा जो फोटो येतो, त्याला मालक दिवसाच्या फोटोंपेक्षा दुप्पट पैसे देतो. पाऊस थांबलेला, अंगण ओलं, दिव्यांचं प्रतिबिंब फरशीवर. देवानं पाठवल्यासारखी संध्याकाळ. मालक, मालकीणबाई आणि त्यांचा मुलगा तिन्ही मजल्यांवर पळत एकूण एक दिवा लावून आले, न्हाणीघरातलासुद्धा. सहा चौतीसला आभाळ हवं तसं झालं. मी बटणावर बोट ठेवलं.

लाइट गेली.

अख्ख्या गल्लीची. आलेली पाहिली ती सात वाजून दोन मिनिटांनी, तोवर आभाळ काळं ठिक्कर. मालकीणबाईंनी भजी तळली होती. भजी खाल्ली आणि परवाची संध्याकाळ ठरवली.

रात्री ८.४५

लेकीचा अभ्यास जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला, माझा कम्प्युटर दुसऱ्या. पाचाचा एक करायचा, भिंती सरळ करायच्या, ट्यूबचा निळेपणा काढायचा. कोथरूडच्या घराला फार हात लावावा लागला नाही. बाणेरच्या फोटोत बोटभर नदी आहे, ती बोटभरच ठेवली. आभाळ बदलून द्यायची सोय आता एका बटणावर आली आहे. काही जण बाणेरवर स्वित्झर्लंडचं आभाळ चढवतात. खाली पाण्याचा टँकर उभा आणि वर बर्फावरचे ढग. आरशांमधून मी स्वतःला पुसत असते ते बघून लेक विचारते, “आई, तू कुठल्याच घरात नसतेस का?” कमोडवर चढून काढलेल्या एका फोटोत नळाच्या तोटीत माझं इवलंसं डोकं राहिलं होतं. ते तिनेच शोधून दिलं.

रात्री १०.२०

सिंहगड रस्त्याचं घर शेवटी. एकवीस फोटो झाले. बाविसावा उघडून बसले. फोटो म्हणून वाईटच आहे, फ्लॅशचा चट्टा आलाय, उजवं दार कापलं गेलंय. रेघ मात्र स्पष्ट.

एकवीस पाठवले तर कुणी मला काही विचारणार नाही. एजंट पैसे पाठवेल, पुढच्या आठवड्यात तीन कामं देईल. माझ्या महिन्यातला चौथा हिस्सा या एका माणसाकडून येतो. नवरा म्हणाला, तू फोटो काढतेस, पंचनामा करत नाहीस. हेही खरं. बाविसावा पाठवला तरी तो थोडाच जाहिरातीत टाकणार आहे? नाहीच टाकणार. पण माझ्याकडून त्याच्याकडे गेलेल्या फोटोंत तो असेल.

बावीस निवडले आणि पाठवले. दोन खुणा निळ्या झाल्या. वर ‘टायपिंग’ दिसलं, थांबलं, पुन्हा दिसलं.

‘छान आलेत. २२ नंबर कशाला?’

मी लिहिलं, ‘तुमच्या माहितीसाठी.’

बराच वेळ काही नाही. लेक झोपली, नवऱ्यानं दार लावलं. मी बॅटऱ्या चार्जिंगला लावत होते तेव्हा फोन वाजला. पैसे आले होते, पूर्ण. खाली एक ओळ होती.

‘उद्या ९ ला वारजे. २ बीएचके, रिकामा. किल्ली वॉचमनकडे.’

बॅग उघडून पाचर आहे ना ते बघितलं.